उडीचा फोटो

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या बाईला घरात काडीची किंमत नसते, हे मी अनुभवाने सांगते. वीज कंपनीच्या ऑफिसातून रिटायर झाल्यापासून मी भल्या पहाटे गोरेवाड्याच्या तलावावर जाते, चिखलात पोटावर पडून राहते आणि चोचीत मासा घेऊन वर येणारा खंड्या टिपून घरी आणते. आमचे हे फोटोकडे न बघताच "छान" म्हणतात. मुलगा मोहित बघतो, पण फोन सरकवता सरकवता. माझा एक तरी फोटो बघून कुणी जागच्या जागी थबकावं, एवढीच माझी इच्छा होती. साठीला टेकलेल्या बाईने याहून कमी काय मागायचं?

सून करिष्मा रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात बिलिंगला आहे. घरात इतकी हळू बोलते की आमच्या ह्यांना तिचं अर्धं बोलणं अंदाजानेच समजून घ्यावं लागतं. लग्न होऊन घरात आली तेव्हापासून तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मी लेन्स पुसत बसले होते, तर दारात उभी राहून म्हणाली, "आई, रविवारी आमची पेंटबॉलची टूर्नामेंट आहे, सावनेर रोडवर. लग्नाच्या सीझनमधे फोटोवाला भेटून नाही राहिला. तुम्ही येता का?"

"मी? मले काय समजते वं त्यातलं?"

"पाखरं उडतात, आम्ही पळतो. तेवढाच फरक."

मी दोन्ही बॅटऱ्या तेव्हाच चार्जिंगला लावल्या. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

मैदान म्हणजे एक मोठं पडीक वावर. त्यात ट्रकच्या टायरांच्या भिंती, पत्र्याचे ड्रम आणि केबल गुंडाळून येतात तशी लाकडी चाकं आडवीतिडवी टाकलेली. धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारलेलं, त्यामुळे जागोजागी चिखल. अंकुश नावाचा पंच होता, गळ्यात शिट्टी. त्याने मला मास्क दिला आणि पिवळं जाकीट चढवलं.

"काकू, हे जाकीट पाहून तुमच्यावर कोणी जाणून गोळी नाही मारत."

"आणि अजाणता?"

"ते मग तुमचं नशीब."

खेळ त्याने दोन वाक्यांत समजावला. बंदुकीतून रंगाची गोळी सुटते. ती तुमच्यावर फुटली की तुम्ही बाद, मग ती छातीवर फुटो, बंदुकीवर फुटो नाहीतर बुटावर. न फुटता टप्पा खाऊन गेली तर चालतं. मैदानाच्या मधोमध झेंडा, तो उचलून जो आपल्या रेषेपलीकडे नेईल तो जिंकला.

पहिल्या मॅचचे माझे फोटो बघाल तर हसाल. रिकामे ड्रम, कुणाची तरी पाठ, धूळ. मास्कमुळे डोळा कॅमेऱ्याला टेकेना, श्वासाने काच धुरकटली. मी मास्कला नावं ठेवली, टँकरवाल्याला नावं ठेवली. नाचता येईना, अंगण वाकडे! मग मात्र टाळकं जागेवर आलं. तलावावर मी कधी पक्ष्याच्या मागे धावते का? तो कुठे येऊन बसणार ती फांदी आधी हेरते आणि तिच्यावर नजर रोखून बसते. इथेही तेच करायचं. माणसामागे धावायचं नाही, तो जिथून उठणार ती टायरची कड धरून ठेवायची.

आणि मग फोटो मिळायला लागले हो! ड्रमवर फुटून पसरलेला निळा रंग. गुडघ्यावर घसरत आलेला गडी. मास्कच्या आतले घाबरलेले डोळे. मी टायरमागून ड्रममागे आणि ड्रममागून चाकामागे धावत होते, गुडघे दुखतात हेसुद्धा विसरले होते. एक चुकार गोळी माझ्या मांडीवर येऊन फुटली. असं चरचरलं की आई आठवली. अंकुश ओरडला, "काकू, लागलं का?" मी म्हटलं, "बाजूले हो, उजेड अडवून राहिला!" इतकी मजा मला मोहितच्या लग्नातही आली नव्हती. फक्त गोळी अंगावर फुटते तो नेमका क्षण काही हाती लागेना. दर वेळी एक तर आधी, नाहीतर नंतर. तो मिळाल्याशिवाय घरी जायचं नाही असं मी मनाशी ठरवलं.

फायनलला करिष्माची टीम आणि बर्डीच्या बाजारातल्या मोबाईल दुकानांतली पोरं समोरासमोर आली. करिष्माचा कॅप्टन पुष्कर, म्हणजे ऑफिसातला तिचा साहेबच. त्यांची गोळी निळी, बर्डीवाल्यांची राणी रंगाची. शिट्टी झाली आणि नुसती फटफट सुरू झाली. पुष्कर पहिल्याच झटक्यात बाद. मग एकेक जण हात वर करून बाहेर यायला लागला. शेवटी त्यांचा हर्षित उरला आणि आमची करिष्मा.

मी आमच्या टीमच्या रेषेच्या अलीकडे, शेवटच्या टायरच्या भिंतीवर कॅमेरा रोखून ओणवी बसले. झेंडा घेऊन कुणी पळालंच, तर इथूनच उडी मारणार.

आणि ती आली. घरात जिचा आवाज कुणाला ऐकू येत नाही, ती माझी सून मैदान दणाणून टाकत, ओरडत, झेंडा घेऊन सुसाट येत होती. मागून हर्षित गोळ्या झाडत होता. टायरच्या भिंतीवर तिने पाय दिला आणि उडी घेतली. मी बटण दाबलं ते सोडलंच नाही. ती चिखलात धप्पकन पडली, उठली, धडपडत रेषेपार गेली. अंकुशने शिट्टी मारली. "जिंकले!"

टीमने करिष्माला उचलून घेतलं. मी मात्र तिथेच बसून कॅमेऱ्यात बघत होते. एक, दोन, तीन फोटो... आणि मग तो. करिष्मा हवेत होती. दोन्ही पाय जमिनीपासून वर, एका हातात झेंडा, वेणी सरळ मागे उडालेली, मास्कच्या जाळीतून दिसणारं तोंड उघडं. आणि मागच्या टाचेवर राणी रंगाचं फूल अर्धं उमललेलं, त्याचे थेंब हवेत. तोच तो क्षण!

"सापडला! सापडला!" मी वेड्यासारखी ओरडत टीमकडे धावले. "पाहा! गोळी फुटून राहिली पाहा!"

पुष्करने कॅमेऱ्यात बघितलं. त्याचा चेहराच बदलला. मला वाटलं, भारावला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काकू, हळू. कोणाला दाखवू नका. डिलीट मारा."

"काहून?"

"अहो, गोळी बुटावर फुटलीये. आणि ही अजून रेषेच्या अलीकडे आहे. म्हणजे करिष्मा बाद होती."

मी फोटो फोटो म्हणून बघितला होता, बाकी काही मला दिसलंच नव्हतं. करिष्माने वाकून बुटाकडे पाहिलं. चिखलाच्या लगद्यात रंगाचा पत्ता नव्हता. "मले तर समजलंच नाही," ती म्हणाली.

"कुणालाच समजलं नाही," पुष्कर म्हणाला. "एक बटण दाबायचंय. काकू, तुम्ही तर रोज ढिगाने फोटो डिलीट करत असाल."

करते. पक्ष्याचा डोळा धूसर आला की करते, शेपटी कापली गेली की करते, मला कधी वाईट वाटत नाही. पण आता अंगठा पुढे जाईना. तिकडे बर्डीची पोरं माना खाली घालून मास्क काढत होती आणि अंकुश टेबलावरची ट्रॉफी पुसत होता. उद्या सकाळी करिष्माला याच साहेबासमोर जाऊन बसायचं होतं. पोरीने पहिल्यांदा काही मागितलं आणि मी तिच्या तोंडचा घास काढायला निघाले होते. मी कॅमेरा तिच्या हातात दिला.

"मार वं डिलीट," मी म्हणाले. "असा दुसरा काढून देईन मी." अशी थाप मी आयुष्यात मारली नव्हती.

करिष्माने फोटो बघितला. मग मोठा करून बघितला. आधी टाच, मग वेणी, मग चेहरा. पुष्कर घाई करत होता, टीममधली एक पोरगी म्हणत होती, "कर ना यार, बर्डीवाले येऊन राहिले." करिष्माला काही ऐकू येत नव्हतं. ती जागच्या जागी थबकली होती. "ही मी आहे?" असं तिने मला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता कॅमेरा छातीशी धरून अंकुशकडे चालायला लागली. एक हात वर केलेला होता.

पुढे नुसता गोंधळ. अंकुशने फोटो बघितला, बर्डीवाल्यांनी बघितला, बाद होऊन केव्हाचे बसलेले लोक धावत आले. माझ्या एवढ्याशा स्क्रीनवर अख्खं मैदान लोटलं. ट्रॉफी हर्षितला मिळाली. ती काखेत मारून तो माझ्याकडेच आला. "काकू, तो फोटो मले पण पाठवा. गोळी माझी आहे ना ती!" पुष्कर गाडीचं दार आपटून निघून गेला.

परतताना करिष्मा स्कूटी चालवत होती आणि मी मागे, मांडीवर लेन्सची बॅग. कोराडी आलं तसं माझ्याच्याने राहवेना. "मोठ्या मनाची आहेस वं तू," मी म्हणाले. "इतकी प्रामाणिक पोरगी मी नाही पाहिली."

तिने स्कूटी रस्त्याच्या कडेला घेतली, हेल्मेट काढलं आणि खो खो हसायला लागली.

"कायची प्रामाणिक, आई! ट्रॉफी घेतली असती तर हा फोटो जन्मभर कोणाले दाखवता आला असता का? ट्रॉफी गेली असती साहेबाच्या केबिनमधे. हा तर माझा आहे." मग माझ्या बॅगेकडे हात पुढे करत म्हणाली, "काढा ना, अजून एकदा पाहू द्या. आणि पुढच्या वेळी तुम्ही कुठं बसणार ते मले आधी सांगून ठेवा. मी तिथूनच उडी मारते. मॅच गेली खड्ड्यात!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज कडकच ठेवला. "ऊन तोंडावर पाहिजे," मी म्हणाले, "एवढं पाहून मग मार."