चंद्राची जागा

हेमाने स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि आया पुरवणाऱ्या ब्युरोकडून नुकत्याच आलेल्या रुचिताची करंगळी धरून ओट्यावरच्या कलिंगडाला आडवी टेकवली.

"ही समज पृथ्वी. अवकाश स्थानक एवढंच वर. भाऊ पृथ्वीचा गोल पुढे करतील, स्थानक कुठे ते विचारतील, तेव्हा करंगळी टेकवायची. हात लांब नेऊ नकोस."

"एवढ्या जवळ? मला वाटलेलं, रॉकेटने जातात म्हणजे खूप लांब असेल."

"सगळ्यांना तसंच वाटतं. म्हणून तर तुझ्याआधी तिघी परत गेल्या."

भाऊ म्हणजे हेमाचे सासरे. डोंबिवलीच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. अर्धांगाच्या झटक्याने पाय गेले, पण मास्तरकी काही सुटली नाही. सांभाळायला येणाऱ्या प्रत्येक बाईची ते परीक्षा घेत आणि नापास करून वाटेला लावत. उत्तर हे नुसतं निमित्त, हे हेमाला कळत होतं. परकी बाई टिकली की सून माहेरी जाणार, याची म्हाताऱ्याला धास्ती होती. नवरा बंगळुरूला, तिकडूनच 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणणारा. आणि कोल्हापुरात आईने अन्न सोडलं होतं. आज निघालीस तर भेट होईल, असा सकाळीच भाऊंच्या देखत बहिणीचा फोन आला होता.

स्थानक साधारण तुझ्या कोल्हापूरइतकंच लांब आहे, हे भाऊंनीच तिला एकदा हौसेने सांगितलं होतं. तिथे गेलेली माणसं निदान परत तरी येतात. हेमाला बिल्डिंगखालच्या भाजीवाल्यापलीकडे जायची सोय नव्हती.

हॉलमध्ये भाऊ गोल मांडीवर घेऊन तयारच होते. त्यांनी विचारलं आणि रुचिताने झटकन करंगळी टेकवली. भाऊंनी करंगळीकडे पाहिलंच नाही. ते हेमाकडे पाहत राहिले.

"कोणी शिकवलं?"

"ताईंनी," रुचिता मान खाली घालून म्हणाली.

"बरं." त्यांनी टोपलीतलं मोसंबं उचलून हेमापुढे धरलं. "हा चंद्र. हा तू दाखव."

चंद्राची जागा हेमाला पाठ होती. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात भाऊंनी ती दाखवली होती. हॉल ओलांडायचा, बाहेर पडायचं आणि जिन्यापलीकडे शेजारच्या गोदाकाकूंच्या दाराशी थांबायचं. ती मोसंबं घेऊन निघाली. रागाने तिचे डोळे भरून आले होते. आई तिकडे डोळे लावून बसलीय आणि आपण इथे फळं नाचवतोय. गोदाकाकूंच्या दाराशी येऊन ती उभी राहिली.

"थांबलीस का?" आतून भाऊंनी विचारलं.

"इथेच असतो ना चंद्र?"

"अजून लांब जा."

ती जिन्याकडे वळली, दोन पायऱ्या उतरली.

"अजून किती, भाऊ?"

आतून भाऊंनी घसा खाकरला.

"रुचिता, तिची पर्स नेऊन दे तिला. आणि येताना दार लावून घे."