लॉगरमधली सात मिनिटं

सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी मालधक्क्यामागच्या गोदामाचं शटर फुटलं आणि जमावाने गोदामवाल्याला पाय धरून रस्त्यावर ओढलं. त्याच्याकडच्या औषधाने चार मुलं दगावली, अशी बोलवा होती. अकरा वीसला तो मेला.

दुपारी एक वाजता त्याचे दोन भाऊ रेडिओ केंद्रात शिरले. धाकट्याच्या हातात पहार होती. दारावरच्या रखवालदाराने "कुणाला भेटायचंय?" एवढंच विचारलं. पहार त्याच्या कानशिलावर बसली आणि तो हजेरीच्या वहीवर कोसळला.

तंत्रज्ञाला तो आवाज यंत्रखोलीत ऐकू आला. केंद्रात सगळे त्याला पक्कड म्हणत, कारण ती कायम त्याच्या खिशात असे. हे लोक कशासाठी आलेत ते त्याला ठाऊक होतं. गोदामाचा पत्ता सकाळी रेडिओवरून वाचला गेला होता आणि वाचणारी निवेदिका त्याची सख्खी थोरली बहीण होती. ताई या घडीला शेजारच्या स्टुडिओत आतून कडी लावून बसली होती.

पत्ता किती वाजता वाचला, यावर तिचा जीव टांगला होता. केंद्रातून जे जे प्रसारित होतं ते एक संगणक दिवसरात्र नोंदवून ठेवतो. त्याला लॉगर म्हणतात. साडेबाराला पोलिसांनी चौकशी केली तेव्हा केंद्रप्रमुखांनी पक्कडची वाट न बघता लॉगर उघडला, ताईचा आवाज शोधला आणि पडद्यावरची वेळ सांगून टाकली: अकरा वाजून एक मिनिट. शटर फुटण्याआधी चार मिनिटं. मागोमाग गोदामवाल्याच्या घरून फोन आला, त्यांनाही साहेबांनी तेच सांगितलं आणि मागच्या दाराने पोबारा केला.

पक्कडला ती वेळ पाहताच खटकली होती. अकराचं बातमीपत्रच सहा मिनिटांचं. ते संपल्यावर पत्त्याची चिठ्ठी आली. मग अकरा एकला ती वाचली कशी जाईल?

आणि मग त्याला आठवलं. बारा दिवसांपूर्वी वीज गेली होती. तेव्हापासून लॉगर दर तासाला टुणटुण करून पिवळा त्रिकोण दाखवत होता: वेळ जुळवता येत नाही. तिसऱ्या दिवशी पक्कडने वैतागून 'पुन्हा दाखवू नका' दाबलं. रविवारी बघू म्हणाला. रविवारी भाचीचा वाढदिवस होता.

दार लाथेने उघडलं.

"लॉगरवाला तूच?" थोरल्याने विचारलं.

"हो. दादा, आधी ऐकून घ्या..."

"दादा नको म्हणूस. सकाळपर्यंत मला दोन भाऊ होते. आता एक आहे. तू भरती होऊ नकोस."

"ती पत्ता वाचणारी बया कुठंय?" धाकटा म्हणाला.

"घरी गेली."

धाकट्याने त्याचा उजवा हात टेबलावर दाबून धरला. "तुझ्या कपाटावर पक्कड लिहिलंय. बघू तरी पकड किती घट्ट आहे."

पहार दोनदा खाली आली. पहिल्या घावाला पक्कड ओरडला, दुसऱ्याला त्याचा आवाजच फुटला नाही. दोन बोटं नको त्या दिशेला वळली. रक्त कीबोर्डच्या फटींत उतरलं.

"घड्याळ चुकीचंय," तो कसाबसा म्हणाला. "मारा मग. आधी ऐका."

"शेंड्या लावतोय आपल्याला," धाकटा म्हणाला.

"लावू दे. बघू," थोरला म्हणाला.

पक्कडने डाव्या हाताने माउस ओढला. दोनदा चुकीची फाईल उघडली. तिसऱ्यांदा स्पीकरमधून सहा ठोके वाजले आणि बातमीपत्र सुरू झालं.

"हे अकराचे ठोके. ते उपग्रहावरून येतात, इथल्या कुणाच्या हातात नाहीत. वर वेळ काय दिसते?"

थोरला वाकला. "दहा त्रेपन्न."

"हे यंत्र सात मिनिटं मागे आहे. पत्ता वाचला अकरा आठला. शटर त्याआधीच फुटलं होतं. तिने कुणाला धाडलं नाही."

"परत लाव."

थोरल्याने ठोके तीनदा ऐकले. "दुकानातलं घड्याळ मी रोज यांच्यावर लावतो," तो धाकट्याला म्हणाला. "खरं बोलतोय हा."

धाकट्याने उगारलेली पहार खाली केली. पक्कडला बारा दिवसांत पहिल्यांदा ते यंत्र दुरुस्त केल्यासारखं वाटलं.

थोरला मात्र पडद्याकडे बघतच राहिला. "शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात मी सगळं पाहिलंय," तो सावकाश म्हणाला. "शटर फोडणारे पंचवीसएक होते. अकरा नऊला भाऊ त्यांच्या हातून सुटला होता. लंगडत कोपऱ्यापर्यंत पोचला होता. मग समोरून नवे आले. पन्नास, साठ. ते कुठून आले, हे मला कळत नव्हतं."

त्याने पडद्यावरच्या वेळेवर बोट ठेवलं.

"आता कळलं," थोरला म्हणाला. "अकरा आठ."

यंत्रखोलीतलं बोलणं स्टुडिओत ऐकू जायची सोय होती. कडी सरकल्याचा आवाज आला आणि ताई दारात उभी राहिली.

"ताई, आत जा!"

"त्याचा हात सोडा," ती म्हणाली. "मी वाचलं. पोलीस तिकडे निघालेत, एवढं लोकांना कळावं म्हणून वाचलं. पत्ता गाळायला हवा होता. ते मला..."

धाकट्याने तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा डोक्यावर. ती चौकटीला धरून खाली सरकली. पक्कडने डाव्या हाताने खिशातलं हत्यार काढलं आणि धाकट्याच्या तोंडावर मारलं, मग पुन्हा, दात पडेपर्यंत. थोरला "बस्स! बस्स!" ओरडत दोघांच्या मध्ये घुसला. कुणाला ओरडत होता ते त्यालाच माहीत. पहार फरशीवर पडली आणि धाकटा तोंड धरून पळाला.

पोलीस सव्वाला आले. थोरला ताईच्या डोक्याला आपला शर्ट दाबून बसला होता. तो हलला नाही.

ठाण्याचा अंमलदार साडेचारला रुग्णालयात आला. लॉगर सील केलाय, म्हणाला, आणि जबाबाचा कागद पुढे केला. त्यात प्रसारणाची वेळ अकरा एक होती.

"चूक आहे ती," पक्कड म्हणाला.

"मग बरोबर कोणती? सांग, तीच लिहितो."

अकरा एक लिहिलं तर ताईने जमाव धाडला. अकरा आठ लिहिलं तर वाट अडवणारे धाडले. पक्कडने प्लास्टरमधला हात वर केला. "सही करता येत नाही."

"अंगठा चालतो."

"ताई शुद्धीवर येऊ दे."

अंमलदार कागद बाकावर ठेवून गेला. साडेसहापर्यंत धाकटा सापडलेला नव्हता, रखवालदाराला एका कानाने ऐकू येत नव्हतं, आणि शस्त्रक्रियागृहाचं दार तीन तासांत एकदाच उघडलं होतं, आणखी रक्त आत नेण्यासाठी.