पाचटाची जबानी

सांजवेळी जामखेडवरून जाताना फ्लाइट लेफ्टनंट राधाकृष्ण यांना विमानाच्या बरोबरीनं चाललेला एक तांबूस गोळा दिसला, आणि त्यांनी तो इमानेइतबारे लिहून दिला. एवढाच त्यांचा गुन्हा. चौकशी लागली, उड्डाण बंद झालं. खालून आणखी कुणी तो गोळा पाहिला असेल, तरच त्यांना पुन्हा विमानात बसता येणार होतं.

चौकशीचे साहेब जामखेडला निघाले. त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून नगरच्या छावणीतला कारकून शामकांत जीपमध्ये बसला. साहेबांनी त्याच्या मांडीवर जबानी ठेवली, टाइप करून तयार! 'शेतकऱ्यांनी उसाचं पाचट पेटवलं होतं.' खाली फक्त अंगठ्याची जागा रिकामी. शामकांतनं ती ओळ पुन्हा वाचली. बहात्तरच्या दुष्काळात जामखेडात ऊस! साहेबांनी कधीतरी श्रीरामपूरकडचे फड पाहिले असतील, तेवढ्यावर त्यांनी सगळा जिल्हा उसाचा करून टाकला होता.

दुष्काळी कामावर छबूबाई खडी फोडत होती. गोळा तिनं पाहिला होता.

"व्हय, इमानाच्या शेजारनंच चालला हुता. लई येळ."

"पाचट पेटलं होतं का, विचार," साहेब म्हणाले.

छबूबाईला हसू आलं. "आवं भाऊसाहेब, गुरांम्होरं टाकायला काडी न्हाई, आन् तुमी जाळायचं इचारताय?"

शामकांतनं शब्दन्‌शब्द साहेबांना सांगितलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "अंगठा घे."

"कशावर वो?" तिनं विचारलं.

"तुम्ही सांगितलंत त्यावरच," शामकांत म्हणाला. नोकरी प्यारी होती मेल्याला.

तिनं विश्वासानं हात पुढं केला. पण खडी फोडून फोडून अंगठ्यावर रेघ म्हणून उरली नव्हती. कागदावर नुसता काळा डाग पडला. दुसऱ्या प्रतीवरही तेच. तिसरी, शेवटची प्रत साहेबांनी जीपमध्ये शामकांतपुढं धरली.

"तुझा उठव. कोण बघतंय?"

शामकांतनं उठवला. ठसा अगदी स्वच्छ आला.

आठवड्यानं राधाकृष्ण कचेरीत आले. त्यांचं उड्डाण कायमचं बंद झालं होतं.

"शामकांत, तुम्ही होतात तिथं. खरंच कुणी तो गोळा पाहिला नव्हता?"

घासून घासून लाल झालेला अंगठा शामकांतनं मुठीत दाबला. स्वतःची इतकी किळस त्याला जन्मात आली नव्हती.

"नाही, साहेब."

"मग माझेच डोळे खोटे," राधाकृष्ण म्हणाले, आणि जाताना त्यांनी शामकांतचे आभारही मानले.