देवाजींनी आवळलेला पाय

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे आणि थोडी थापाडीही आहे. कुम्हारीच्या उतारावर मी एकदा मालगाडीला मागे टाकलं, तेव्हा इंजिनाच्या ड्रायव्हरने टोपी काढून मला सलाम केला होता. नका ठेवू विश्वास. पण पुढचं सगळं खरं आहे.

माझे मालक देवाजी भिलाईच्या पोलाद कारखान्यात फिटर. गळणारा पाईप आवळावा तर त्यांनीच. मला ते रोज पुसत, चेनला तेल घालत आणि रविवारी शेवंताबाईंना मागे बसवून बाजारात नेत. त्या दोघांच्या गप्पा ऐकताना चढसुद्धा मला उतारासारखा वाटे.

सत्त्याऐंशी सालचा श्रावण. सकाळी क्वार्टरमागे अंबाडीची भाजी खुडताना शेवंताबाईंच्या पावलाला घोणस चावली. देवाजी धावले. माझी जुनी ट्यूब घेऊन त्यांनी पोटरीवर अशी करकचून बांधली, की पाय निळा पडला.

"अवो, सोडा ना! मी काय तुमचा पाईप हाव का?"

"चूप राय. लाईन बंद केली म्या. आता जहर वर जातच नाई."

शेजारचे शामराव कुंपणावरून ओरडले, "देवाजी, दवाखान्यात ने ना बाप्पा!"

"कावून? गळती तर थांबली!"

आणि ते निवांत झाले हो! बायकोसाठी चहा करायला गेले. मी दारात उभी. मला स्वतःची घंटीही वाजवता येईना.

दुपारपर्यंत पाय मांडीपर्यंत सुजला. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. देवाजींनी शामरावांना हाक मारली. शामरावांनी माझं हँडल धरलं, देवाजींनी शेवंताबाईंना कॅरिअरवर बसवून मिठीत सावरलं, आणि आम्ही निघालो.

"शेवंते, झोपू नको वो."

"झोपत नाई. चहात साखर इसरले तुमी, थे सांगायचं रायलं."

दवाखान्यात विषावरचं इंजेक्शन सुरू झालं, मगच डॉक्टरांनी ती ट्यूब जपून सोडली. म्हणाले, "बांधून विष थांबत नाही. पायाचं रक्त तेवढं अडलं, आणि वेळ गेला."

विष मूत्रपिंडांपर्यंत पोचलं होतं. लघवी बंद झाली. कित्येक दिवस यंत्राने रक्त शुद्ध करावं लागलं. पायाची दोन बोटं काळी पडली, ती काढावी लागली. देवाजी शेवंताबाईंचा दुसरा पाय मांडीवर घेऊन बसून राहत.

शेवंताबाई घरी आल्या, पण त्यांना फार चालवत नाही. आता देवाजी मला चालवत नाहीत, ढकलतात. कॅरिअरवर गोधडीची घडी आणि त्यावर त्या.

मित्रांनो, साप चावला तर बांधू नका, कापू नका, चोखू नका. चावलेला भाग हलू देऊ नका, धीर द्या आणि मिळेल त्या गाडीने लगेच दवाखाना गाठा. काहीच मिळालं नाही, तर दारातल्या माझ्यासारख्या म्हातारीला बाहेर काढा. चेन करकरेल, पण पोचवीन.