माहेरच्या सहीने मला उठवलं

मित्रांनो, आमच्या जावईबापूंना 'नंतर' हे बटण फार आवडतं. एक हात चहाच्या कपाला, दुसरा त्या बटणावर. मी सतरा दिवस पडद्याच्या कोपऱ्यात येऊन एकच गोष्ट सांगत होते आणि सतराही दिवस त्यांनी मला माशीसारखं हाकललं.

मी एक जुनी राखणदारीण आहे. कागदोपत्री मला अँटिव्हायरस म्हणतात. कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यातल्या कंप्युटरवर माझी खुर्ची आहे. मी फार शिकलेली नाही. वाईट प्रोग्रामांची तोंडं ओळखायची आणि त्यांना दाराबाहेर ठेवायचं, एवढंच मला येतं. पण असं येतं की नऊ वर्षांत एकाही चोराची आत पाऊल टाकायची टाप नव्हती. कारखान्याची मालकीण, म्हणजे जावईबापूंच्या सासूबाई, प्लास्टरने पांढरे झालेले हात पुसत एकदा म्हणाल्या होत्या, "ही आहे म्हणून मला झोप लागते." त्या शब्दांवर मी आजवर जगले.

पण माझ्यात एक खोट होती. मला बनवणारी कंपनी हे माझं माहेर. तिथून माझी नवी आवृत्ती आली की आधी मी खुर्चीवरून उठायचं, मग नवीने बसायचं, अशी त्यांनी रीत घातली. मधले काही क्षण दारात कुणीच नाही! एवढ्या शिकलेल्यांना हे सुचलं नाही, चोरांना सुचलं. मग कंपनीला जाग आली. तिने निरोप धाडला: 'घरच्या माणसाच्या परवानगीशिवाय हिने उठू नये, अशी खूण सेटिंगमध्ये करून घ्या.' ती खूण त्यांनी स्वतःच का केली नाही, हे त्यांना तोंडावर विचारायचं राहिलंय माझं. तोच निरोप मी सतरा दिवस दाखवत होते.

अठराव्या दिवशी जावईबापूंनी कुठूनसा एक फुकटचा प्रोग्राम उतरवला. त्याचं तोंड माझ्या ओळखीचं नव्हतं. मी हटकणार, तोच त्याने कुठूनसा पैदा केलेला, नव्या आवृत्तीला बसवायचा माझ्या माहेरचा कागद पुढे केला. सही खरी, शिक्का खरा. मी मान राखून उठले. नवी बसायच्या आत त्या मेल्याने तिचा गळा दाबला आणि कारखान्यातल्या सगळ्या मापांना कुलपं ठोकली. मापांची दुसरी प्रत ठेवायचं कामही जावईबापूंकडेच होतं. ती नव्हतीच.

त्यात शाळेतल्या एका बाईंच्या पायाची मापं होती. चार खेपा घालून, कुठे टोचतं, कुठे ढिलं होतं ते बघून पक्की केलेली; पाय घडवायचा तेवढा बाकी होता. सोमवारी त्या नव्या पायावर वर्गात जायच्या होत्या. शनिवारी त्या पाय न्यायला आल्या. तोवर दुरुस्तीवाल्याने मला परत खुर्चीवर बसवलं होतं, ती खूणही केली होती.

"मापंच गेली हो, बाई. पुन्हा पहिल्यापासून..." सासूबाई म्हणाल्या. मग त्या जावईबापूंकडे वळल्या. "अहो, नेमकं झालं तरी काय?"

"माझा काय संबंध? तो अँटिव्हायरसच कुचकामी निघाला," जावईबापू म्हणाले.

बाईंनी कुबड्या काखेत सरकवल्या. "पोरांना सांगून बसले होते मी, उभी राहून शिकवीन म्हणून."

मित्रांनो, राखणदार कितीही जुनाजाणता असो, त्याच्यातही भोक असतं. त्याने ते दाखवलं, तर त्याच दिवशी बुजवा.

आणि जावईबापू, जरा इकडे बघा. माझी खोट मी चारचौघांत कबूल केली, त्याने मी काही झिजले नाही. तुमची तुम्ही त्या बाईंच्या डोळ्यांत बघून कबूल करा. तोवर माझ्या लेखी या कारखान्यात शिरलेला चोर एक नाही, दोन आहेत.