सकाळची गोळी

पाकिटाच्या एका खळग्यात अर्धीच गोळी. सुरी घसरल्यामुळे एक कड तिरपी, वर चांदीचा कागद परत दाबून बसवलेला. तिने तो नखाने उचलला, पुन्हा दाबला. दादा सकाळीच म्हणाला होता, "ती औषधं आज काढून टाक बाई, बाबांना जाऊन महिना झाला." बाकीची टाकून झाली होती.

ही सकाळची. बाबांच्या पायांवरची सूज उतरावी म्हणून घरच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी दिलेली, लघवीची गोळी. पण तो शब्द घरात कुणी उच्चारला नाही. बाबा मुलीसमोर शर्टाचं वरचं बटणही उघडं ठेवत नसत... म्हणून बीपीची ती बीपीची, आणि ही नुसती 'सकाळची'. तिच्या मनात अजून तेच चालतं: केमोच्या पहिल्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काय काय चालू आहे?" शेजारी दोन तरुण नर्स. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे — आणि मी म्हणाले, "बीपीची. बाकी काही नाही." केवढं हलकं वाटलं त्यांना! मलाही. नंतर बाजूला घेऊन सांगू, असं मनात होतं. मग सलाईन लागलं, आणि राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या केमोनंतर बाबा खाटेवर उठून बसले. "कुणाची तरी मोटार चालू राहिलीय गं. बेअरिंग गेलंय तिचं. बंद करायला सांग, जळेल." चाळीस वर्षं पंप दुरुस्त केलेला माणूस, स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून आतलं दुखणं ओळखणारा — तिने विश्वास ठेवला. गच्चीवर गेली, खाली जाऊन शेजारी विचारून आली. सगळ्या मोटारी बंद होत्या.

मग आधी तिचाच आवाज गेला. दादाचा जाडा आवाज त्यांना अजून पोचायचा. तिचा बारीक, तो नाही. "हिला सांग, पुटपुटू नकोस म्हणावं," ते दादाला म्हणत. "लहानपणी गल्ली डोक्यावर घ्यायची, आता कुठं गेला घसा?" दादा हसायचा. तीही.

कानाच्या डॉक्टरांपुढे मात्र तिने सगळी पाकिटं मांडली. त्यांनी हे एक बाजूला काढलं. "केमोचं औषध मुळातच कानाला बाधतं. जोडीला ही असली की धोका वाढतो. ही थांबवू, मी तुमच्या घरच्या डॉक्टरांशी बोलतो. पण हिच्यामुळेच झालं, असं नाही म्हणता येणार... आणि नाही झालं, असंही नाही." गेलेलं परत येईल का, हे तिने विचारलंच नाही.

आणि मी बाबांना सांगितलं की. शेवटच्या आठवड्यात, उशीशी बसून — गोळी, नर्स, माझं 'बाकी काही नाही' — सगळं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. म्हणाले, "हो हो. बरं झालं." तेव्हा ते सगळ्यालाच हो हो म्हणत. महिनाभर ती त्या 'बरं झालं'भोवती फिरते आहे — ओठांवरून कळलं असेल? थोडं तरी?

पण वही होती. खाटेला दोरीने बांधलेली, पेन्सिलीसकट. पाणी हवं का, कूस बदलू का, दादा आठला येईल — सगळं तिच्याच हातचं, ठळक, मोठं. ती वही त्या दुपारी माझ्या मांडीवर होती. पेन्सिल बोटांत होती.

आणि मी बोलले.

"झालं का गं?" बाहेरून दादाची हाक आली. ओ द्यायला तिने तोंड उघडलं — आणि आवाज केवढा काढायचा, तेच तिला कळेना.