लाँड्रीच्या तळघरातली विहीर

उजाडायच्या आत बंद पडलेल्या लाँड्रीच्या दारात रांग लागली होती. रांगेत दमेकरी होते, गुडघे धरलेले होते, आणि नुसते बघे तर वारेमाप. आत इस्त्रीच्या जुन्या टेबलावर ज्योतबाबा मांडी ठोकून बसले होते. तळघरातल्या विहिरीतून पळीने आणलेलं पाणी त्यांनी थाळीत ओतलं, काडी ओढली, आणि पाणी भडकलं. सगळ्या खोलीने हात जोडले.

"पाण्याने आग विझते, हे तुमचं शास्त्र," बाबा म्हणाले. "माझ्या विहिरीला ते शिकवायचं राहून गेलं."

मागे भिंतीला टेकून उभी असलेली मातीवाली हसली नाही. जागोजागची माती उकरून बरण्यांत भरायची आणि तपासायची, हे तिचं काम. म्हणून मोहल्ल्याने तिला हे नाव चिकटवलं होतं. आज मात्र ती भाचीसाठी आली होती. नऊ वर्षांच्या त्या दमेकरी पोरीला तिची आई, म्हणजे मातीवालीची थोरली बहीण, आठ दिवस रोज तळघरात बसवत होती. खाली अर्धा तास बसलं की डोकं हलकं होतं, माणूस डोलत, हसत वर येतो. हाच म्हणे देवाचा स्पर्श. संध्याकाळी पोरीचं डोकं ठणकायचं, ओकाऱ्या यायच्या. ते म्हणे आतलं विष बाहेर पडणं. ताईने तिचं दम्याचं औषधही बंद केलं होतं, आणि आज तासाभराची पूर्ण बैठक होती.

काल शेजाऱ्यांनी स्वतः बादली सोडून पाणी काढलं, तर ते काही केल्या पेटलं नाही. पापी हाताला ज्योत नाही, असं बाबांनी सांगितलं आणि शहाणीसुरती माणसं माना खाली घालून घरी गेली. मातीवालीला रात्रभर तेच खटकत राहिलं. बादली बुडते आणि खालचं पाणी आणते. बाबांची लांब दांड्याची उथळ पळी मात्र नुसता वरचा थर उचलते.

भाचीला सोबत म्हणून ती खाली उतरली. तळघराला खिडकी नव्हती, दिवाही काढून टाकलेला. देवाला उजेड चालत नाही म्हणे. जिन्याच्या तोंडाशीच तिला उग्र वास आला. खाली बसलेल्यांना तो येत नव्हता, कारण नाक सवयीने मुकाट होतं. पिशवीतलं वाफ मोजायचं यंत्र पायरीगणिक जास्त ओरडत गेलं. घाईघाईने तिने विहिरीत पारदर्शक नळी सोडली, वर ओढली, मग भाचीला काखोटीला मारून बाकीच्यांनाही बाहेर हाकललं.

वर येऊन तिने नळी उजेडात धरली. खाली पाणी होतं आणि त्यावर तीन बोटं जाडीचा पिवळसर थर तरंगत होता.

"हे पेट्रोल आहे," ती म्हणाली. "पाणी पेटत नाही, हे पेटतं. आणि याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळघरात साठते. डोकं हलकं होतं ते तिच्यामुळे."

बाबा गोड हसले. ज्याच्या मनात शंका त्याला अमृतही रॉकेल दिसतं, असं काहीसं म्हणाले. रांगेतून कुजबुज झाली. निम्म्या माना बाबांकडेच डोलल्या. ताईही लेकीला परत पुढे ढकलू लागली होती.

तेवढ्यात खालून बाहेर आलेला, लाँड्रीचा म्हातारा इस्त्रीवाला विडी पेटवायला आपली काडीपेटी मागायला आला. खाली जाताना जिन्यापाशी बाबांनी रोजच्याप्रमाणे ती काढून घेतली होती. शुद्धतेसाठी ते सगळ्यांचे खिसे रिकामे करायचे.

ताईचा हात थांबला. तिने बाबांकडे नीट पाहिलं.

"देवाची ज्योत खाली आहे ना? मग तुम्ही काडी नेहमी वरच का ओढता?"

बाबांनी आपली काडीपेटी मांडीखाली सरकवली.

"खाली ठिणगी पडली तर काय होईल, हे तुम्हाला ठाऊक होतं," ताई म्हणाली. "ठाऊक असून माझ्या पोरीला तिथे बसवलंत."

बाबांचे डोळे दाराकडे गेले, आणि मग कुणाला काही समजावायची गरज उरली नाही.

पुढे मातीवालीच्या माणसांनी रस्त्यात भोकं पाडत मागोवा काढला. तो कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाच्या जमिनीत पुरलेल्या, गंजून फुटलेल्या टाकीपाशी गेला. त्या टाकीत काठी घालून पातळी मोजायला पूर्वी ज्योतबाबाच होते. पातळी विक्रीपेक्षा जास्त घटते, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. त्यांनी टाकीबद्दल कुणाला सांगितलं नाही, विहीर शोधली.

टाकी उपसली, काळी पडलेली माती ट्रक भरभरून गेली, विहिरीवरचा थर पंपाने ओढणं अजून चालू आहे. भाचीचा श्वास औषधांनी सुधारला. त्या आठ दिवसांनी आत काय बिघडलं, हे डॉक्टरांना आज सांगता येत नाही, आणि ताईला झोप लागत नाही. जमिनीखालचं पेट्रोल तर उताराने पुढे सरकतंच आहे. पलीकडच्या गल्लीत एका विहिरीच्या पाण्याला परवापासून सुवास येतो, असं लोक कौतुकाने सांगू लागलेत.

म्हणून हात जोडण्याआधी विचारा: हे इथेच का घडतं, याच माणसाच्या हातून का घडतं, आणि आत सोडण्याआधी तो आपल्याकडून काय काढून घेतो? ताईने हे नवव्या दिवशी विचारलं. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा.